चंद्राची माती आणि आत्याचं गाडगं

मुक्काम बदनापूर, जिल्हा जालना
मार्च महिना (तारीख पत्र संपल्यावर टाकतो)

तीर्थरूप आत्याबाई द्वारकाबाई, राहणार हसनाबाद, यांच्या दोन्ही पायांवर (दुखऱ्या गुडघ्याच्या पायावर जरा हळू) भाचा माऊली डोकं ठेवतो. तोंडावर मी तुम्हाला 'तू' म्हणतो, पण कागदावर मान द्यावा लागतो, म्हणून पत्रभर 'तुम्ही'. गैरसमज नको.

पहिली विनंती ही की उशीर झाला म्हणून हा कागद चुलीत घालू नका. चार महिने पत्र टाळलं हे कबूल. पहिला महिना रागात गेला, दुसरा लाजेत, तिसऱ्यात पेन गवसला न्हाई. चौथ्यात पेन गवसला तर पाकीट आणायला जालन्याला गेल्तो, तिथं मोंढ्याजवळ एक टेम्पो नालीत पडल्ता आन् तो काढायला क्रेन आल्ती. अशा वेळी सोडून जाणं बरं दिसत न्हाई. टेम्पोत कोबी होती. ड्रायव्हर परभणीकडचा, लई गुणी माणूस, त्याच्या मेव्हण्याचं नुकतंच पोटाचं ऑपरेशन झाल्तं. टेम्पो सरळ होईस्तोवर पोस्ट बंद. असंच कायतरी आणखी दोनदा झालं, म्हणजे एकूण तीन टेम्पो झाले म्हणा. फोन का केला न्हाई म्हणाल, तर तुमचाच हुकूम आहे, "फोनवर तू खोटं भराभर बोलतो, लिहून कळव, लिहिताना तुझं खोटं अडखळतं." म्हणून लिहून राह्यलो. कागद पाठकोरे आहेत, मागच्या बाजूला झाडांच्या उंचीचे आकडे आहेत, ते वाचू नका, ते सरकारी असल्यासारखे आहेत.

तुमची तब्येत कशी आहे? गुडघा? म्हैस? बेबीनंदाकाकू? म्हणजे भिंतीपलीकडच्या बेबीनंदाकाकूंशी तुमचं बोलणं पुन्हा चालू झालं का, एवढंच विचारायचं होतं. तुमचा पप्पू फोनवर म्हणला की दिवाळीपासून दोघींत अबोला आहे, कायतरी बेण्याच्या गाडग्यावरून. गाडगं म्हणजे अशी किती मोठी वस्तू. असो, उगं विचारलं. आन् मंगळवारचा पेपर घरी आला असंल तर चौथं पान बघू नका. छपाई लई खराब आहे, डोळ्याला त्रास होतो.

आता खरी बातमी, बसून वाचा. आत्याबाई, माझं पीक आलं! तुम्ही दिवाळीच्या पाडव्याला अंगणात उभं राहून, पाच घरांना ऐकू जाईल असं म्हणल्त्या की एक पीक तरी पेरल्यापासून काढेस्तोवर सांभाळून दाखव, तवर या उंबऱ्याला पाय लावू नको. चूक माझीच होती. मला सोयाबीन राखायला बसवलं आन् मी फवारणीचा ड्रोन बघायला थेट आष्टीला गेलो. एका दिवसात येतो म्हणून गेल्तो, नवव्या दिवशी आलो, तोवर रानडुकरांनी सगळं आवरून ठेवल्तं, मळणीसकट. त्याआधीचंही मी विसरलो न्हाई. बोअरच्या गाडीवर चाळीस दिवस, बँजो पार्टीत एक लगीनसराई, सोलरच्या पाट्या बसवायला अडीच महिने, आन् दहावीचं गणित अजून तसंच पडून. तर असा मी, चहा गार होईस्तोवर एका जागी न बसणारा, एकशे सव्वीस दिवस हरभऱ्याजवळ बसलो. तो उगवला, फुलला, दाण्यांच्या घाट्यांनी लगडला. आन् कशात? चंद्राच्या मातीत. हे वाक्य पप्पूकडून पुन्हा एकदा मोठ्यानं वाचून घ्या, खिडकी उघडी ठेवून.

झालं असं. घरातून निघालो तो बदनापूरच्या पुढं गयासोद्दीनचाचांच्या खडीक्रशरवर जाऊन टेकलो. काम डंपर मोजायचं. (मी चौदा मोजले की चाचांचे सतरा भरायचे, पण माणूस दिलदार, कधी बोलला न्हाई.) एक दिवस जीपमधून एक मॅडम उतरल्या, डॉक्टर अर्पिता मॅडम, सुई टोचायच्या न्हाई, झाडांच्या डॉक्टर. त्यांनी क्रशरखालची धूळ मुठीत घेतली, बोटांत चोळली, आन् असं हसू आलं त्यांना की जसं बाईला सोनं गवसलं. त्यांना म्हणे काळ्या दगडाचा असा भुगा पाहिजे होता की ज्यात पालापाचोळा न्हाई, किडामुंगी न्हाई, जीव म्हणून काही न्हाई, आन् कण काचेसारखे धारदार. चंद्रावर माती अशीच असते. खरी चंद्राची माती आपल्याला कोण हातात देतंय, म्हणून तिची नक्कल करायची, त्यात आणखी एक पांढऱ्या दगडाचं पीठ मापानं मिसळायचं आन् तिच्यात पीक घेऊन बघायचं. उद्या माणसं तिथं राहायला गेली तर खातील काय? सगळी भाकरी इथून न्यायची तर भाकरीपेक्षा गाडीचा खर्चा जास्त. चाचा हे ऐकून दाढी झटकत म्हणले, "क्या बोल रे माऊली! चालीस साल से जो धूल मेरी दाढी में बैठी, वो चांद की हय?" तेव्हापासून ते दाढी धुताना जरा जपून धुतात.

मॅडमनी विचारलं, शेतीची माहिती असलेला कोणी आहे का? मी हात वर केला. (रानडुकरांचं बोललो न्हाई, कोणी विचारलं न्हाई.) झालं, मी पोत्यासंगं जीपमध्ये बसलो. पत्र्याचं शेड, आत सहा मोठे टब, वरून जांभळे दिवे, टबांना एसी आन् मला पंखा. गळ्यात फोटोचं कार्ड मिळालं. ते मी आंघोळीलाच फक्त काढतो, तेही खुंटीवर डोळ्यासमोर.

पहिल्याच दिवशी घात केला. मॅडम म्हणल्या, एका टबाला पाणी देऊन बघ. मी कांद्याला द्यावं तसं भरपूर पाणी दिलं. पाणी वरच तळ्यासारखं थांबलं, मंग हळूहळू खाली गेलं, आन् सकाळी बघतो तर टबात फरशी! त्यावर पाय ठेवून उभं राहिलो, वाजवून बघितलं, टणटण. आत्याबाई, तुमचा ओटा गेल्या वर्षी गवंड्यानं केला त्याच्यापेक्षा बराबर झाल्ता. छिन्नी हातोडा घेऊन दोन दिवस चंद्र फोडला. मंग मॅडमनी त्या मातीत गांडूळखत आन् मुळांना धरणाऱ्या बुरशीची पूड मिसळली, आन् पाणी चमच्यानं द्यायचं ठरलं. तुम्ही म्हणायच्या की माऊलीच्या हाताला धीर न्हाई. सहा टबांना चमच्यानं पाणी घालून बघा, मंग बोलू.

पुढचे तीन टब मॅडमनी स्वतः पेरले. मागचे तीन मला सांगून त्या पुण्याला गेल्या. बियाण्याची पुडी दिल्ती, गुलाबी औषध लावलेली. ती मी उंदरापासून जपायची म्हणून उंचावर ठेवली, म्हणजे कूलरवर, आन् कूलर गळका. सकाळी पुडीत गुलाबी भिजवण. आता मॅडमला काय तोंड दाखवू? माझ्याजवळ थोडं घरचं बी होतं (कुठून आलं ते आत्ता विचारू नका, पत्र लांबतंय), तेच पेरलं आन् वर तोंड करून देवाचं नाव घेतलं.

उगवलं! दोन्हीकडं उगवलं, पण पुढच्या टबांतलं पिवळं, कावीळ झाल्यासारखं, आन् मागचं बारीक पण हिरवं. महिन्याभरात मागची झाडं वीतभर झाली. मी रोज सकाळी पानांवरून बोट फिरवून चाटायचो. आंबट! तुम्ही थंडीत हरभऱ्यावर फडकं पसरून आंब धरता, तीच चव, बिलकुल तीच. चंद्राच्या मातीतल्या हरभऱ्यालाही आंब सुटते हे जगात आधी मला कळलं आन् आता तुम्हाला. म्हैस ऐकत असंल तर तिलाही सांगा.

आता जे झालं ते माझ्या हातांनी केलं, मी न्हाई. एके सकाळी मी टबाजवळ उकिडवा बसून सोहेबशी फोनवर बोलत होतो (चाचांचा पोरगा, त्याची बुलेट विकायची का ठेवायची हा विषय, निकाल अजून लागला न्हाई). बोलणं संपलं आन् बघतो तर शर्टाचा खिसा गच्च! आठवीपासून तुमच्या वावरात दर हिवाळ्यात शेंडे खुडलेत, बोटांना आता विचारावं लागत न्हाई. तीनही टबांचे शेंडे साफ. चिकटवावं म्हणलं तर चिकटत न्हाईत. मंग पुरावा ठेवू नये म्हणून लसणाची फोडणी दिली, शेंगदाण्याचं कूट घातलं आन् ज्वारीच्या भाकरीसंगं खाल्ले. भाजी जराशी खरखरीत, पण तुमच्या हातच्या भाजीच्या एक पायरीच खाली.

मॅडम आल्या, मागच्या टबांसमोर उभ्या राहिल्या, मंग माझ्याकडं वळल्या.

"माऊली, तू प्रयोग खाल्लास?"

"मॅडम, प्रयोग न्हाई, नुसते शेंडे."

त्या रागावल्या न्हाईत, पांढऱ्या पडल्या. त्या दगडातलं कोणतं धातूबितू झाडात उतरतं हे अजून तपासायचं होतं आन् तपासायच्या आधी ते माझ्या पोटात. तसंच जीपमध्ये घालून जालन्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरनी विचारलं काय खाल्लं, मी म्हणलं, चंद्रावरच्या मातीतली भाजी. डॉक्टरनी नाडी सोडली आन् मॅडमला बाजूला घेऊन हळूच विचारलं, किती दिवसांपासून असं बोलतो? रक्त चांगलं निघालं. नोकरी मात्र गेली. मॅडम म्हणल्या, मार्चमध्ये मोठे साहेब लोक बघायला येणार आहेत, त्या दिवशी टबात घाटे दिसले न्हाईत तर शेडला कुलूप लागंल आन् त्यांची चार वर्षांची मेहनत मातीत, म्हणजे चंद्राच्या. त्यांनी कार्ड मागितलं. मी काढून दिलं. आत्याबाई, सोयाबीन गेलं तेव्हा मला एवढं वाईट वाटलं न्हाई.

दुसरीकडं जायला मला कोणी अडवलं नव्हतं. रस्त्यावर डोळ्यादेखत एक बँजो पार्टीसुद्धा गेली. पण मी दहा दिवस शेडच्या फाटकाबाहेर लिंबाखाली बसून होतो. का ते मलाही सांगता येत न्हाई. पीक आत होतं ना.

अकराव्या दिवशी मॅडम स्वतः फाटकाशी आल्या. हातात वही. विचारलं, "हे शेंडे किती दिवसांनी खुडायचे असतात?" मी म्हणलं वीतभर झालं की, फुलाच्या आधी. "का?" मी म्हणलं, "आमची आत्या म्हणते, शेंडा मोडला की झाडाची मान खाली येते आन् हात वाढतात." त्यांनी ते लिहून घेतलं! जसंच्या तसं! आजवर माझं बोलणं फक्त पोलीस पाटलांनी एकदा लिहून घेतल्तं, तेही म्हशीच्या भांडणात. आत जाऊन बघतो तर मागची झाडं नुसती फोफावली, एका काडीला सात सात फांद्या, आन् फांदीफांदीवर जांभळं फूल. मॅडमनी कार्ड माझ्या गळ्यात घातलं. मी रडलो न्हाई. कूलरचं पाणी उडल्तं.

आन् मागच्या सोमवारी साहेब लोक आले. तीन गाड्या, पाच चष्मे. पुढच्या तीन टबांत मिळून नऊ घाटे. मागच्या तीन टबांत एक्केचाळीस! सगळ्यात मोठ्या चष्म्याच्या साहेबांनी दोनदा मोजले, मंग मॅडमना विचारलं, हा फरक कशानं? मॅडम सरळ बाई, म्हणल्या, "मागचे टब माऊलीच्या हातचे, त्यालाच विचारा." तेव्हा मी तुमची सगळी विद्या सांगितली. शेंडे कधी खुडायचे, बेणं गाडग्यात राख घालून कसं ठेवायचं, आन् गाडगी नेहमी दोन करायची, एक आपल्या घरी, एक शेजारणीच्या, म्हणजे एका घरी आग लागो, उंदीर लागो, बी मरत न्हाई. पाचही चष्मे लिहून घेत होते. मंग साहेब म्हणले, वाण कोणता? आता पुडीचं नाव सांगता येईना, गप बसता येईना. तोंडातून निघालं, "द्वारका-१, सर." त्यांनी तेही लिहिलं. आत्याबाई, तुमच्या नावाचा हरभरा आहे आता. फोटो निघाले, टाळ्या वाजल्या, चाचांनी सगळ्या बदनापुराला पेढे वाटले आन् प्रत्येकाला सांगितलं की चांद मेरा हय, सिर्फ हरभरा माऊली का.

तर पीक काढलं. त्रेपन्न दाणे, डबीत बंद, तपासणीला गेले. आता तरी मी उंबऱ्याला पाय लावू का, एवढं कळवावं. पप्पूला आशीर्वाद, म्हशीला नमस्कार. (उलटं झालं, पण राहू द्या.)

तुमचा, जमंल तेवढा आज्ञाधारक भाचा,
माऊली

ता. क. एक लहानसं काम राहिलं. साहेबांचं म्हणणं, एक्केचाळीस घाटे बियाण्यानं आले का शेंडे खुडल्यानं, हे अजून ठरलं न्हाई. ते ठरवायला बारा टब पेरायचे, सगळे द्वारका-१ चे, अर्धे खुडून, अर्धे न खुडता. महिनाअखेरपर्यंत किलोभर बी आलं तर शेड आणखी एक वर्ष चालंल, मॅडम राहतील, माझं कार्ड राहील. न्हाई आलं तर कुलूप. तेवढं एक किलो बेणं जल्दी पाठवावं.

ता. क. दुसरा. बेणं कुठून पाठवू, ते तर पाडव्यालाच चोरीला गेलं, असं तुम्ही म्हणाल. म्हणून आता लिहितो, आन् बघा, किती अडखळतोय. ते गाडगं बेबीनंदाकाकूंनी नेलं न्हाई. मी नेलं. पण चोरी म्हणून न्हाई, बेसनाचे लाडू म्हणून. रागानं निघालो, फडताळातलं एक गाडगं पिशवीत घातलं, तोंडाला तुमच्या हिरव्या लुगड्याची चिंधी बांधलेली, मला काय माहीत आत काय? एसटीत बसल्यावर भूक लागली, चिंधी सोडली, हात घातला तर हात राखेनं भरून बाहेर. शेजारच्या म्हाताऱ्यानं ते बघितलं आन् टोपी काढून गाडग्याला हात जोडले. "कोण गेलं, बाळा?" मी रडवेला होतोच, तोंडून निघालं, "आत्या." आत्याबाई, क्षमा करा, मी "आत्याचं आहे" म्हणणार होतो, पण तोवर सगळ्या गाडीला कळलं. बायकांनी पदर डोळ्याला लावले, मला खिडकी दिली, कंडक्टरनं ड्रायव्हरला गाणी बंद करायला लावली, आन् जालना येईस्तोवर कोणी मोठ्यानं खोकलंसुद्धा न्हाई. एका बाईनं तर तुमचा स्वभाव विचारला. मी म्हणलं, तोंडानं कडक, हातानं गोड. सगळी गाडी हळहळली.

ता. क. तिसरा. त्यातलं अर्धं अधिक बेणं मी आन् चाचांनी क्रशरवर भाजून खाल्लं. ते बेणं आहे हे तेव्हा माहीत होतं का? होतं. भूक होती का? तीही होती. उरलं ते टबांत गेलं. शेवटी राख चाळताना दहा दाणे सापडले, ते फेब्रुवारीत एका नव्या, सातव्या टबात पेरले, आता वीतभर आहेत, त्यावर मॅडमनी 'हात लावू नये' अशी पाटी लावली आहे. (माझ्यासाठीच.) म्हणजे द्वारका-१ चं पेरण्याजोगं बी आता जगात फक्त एका ठिकाणी आहे, दुसऱ्या गाडग्यात, आन् ते गाडगं बेबीनंदाकाकूंच्या फडताळात आहे, आन् तुम्ही त्यांच्याशी बोलत न्हाईत. तर एवढं करा. भिंतीपलीकडं जा, आन् सांगा की चोर माऊली आहे. काकू मला दोन शिव्या देतील आन् तुम्हाला गाडगं देतील. रिकामं गाडगं माझ्याकडं आहे, त्यातूनच मी चमच्यानं पाणी घालायचो. पेपरातल्या फोटोत माझ्या काखेत आहे ते तेच, चिंधीसकट. म्हणून म्हणलं छपाई खराब आहे.

ता. क. चौथा. पत्र आता चिकटवणारच होतो, पण फाटकाशी रिक्षा थांबली. दोन बाया उतरून राह्यल्या. एकीच्या काखेत मंगळवारचा पेपर, दुसरीच्या कडेवर लेकरासारखं धरलेलं गाडगं. दुसरी बेबीनंदाकाकू आहे. पहिली एका गुडघ्यावर जरा दबून चालते.

आत्याबाई, हे पत्र तुम्हाला टाकायचं होतं.

मॅडम पुढं गेल्या, हात जोडून म्हणल्या, "द्वारका-१ म्हणजे तुम्हीच ना?" आत्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाई. सरळ सातव्या टबाकडं गेली, पाटी बाजूला सारली, खाली वाकली, एक पान जिभेला लावलं. आन् बेबीनंदाकाकूकडं बघून म्हणली, "आंब तर आपलीच हाय गं." आता तिची बोटं चालू झालीत. पहिल्या झाडाचा शेंडा गेला. दुसऱ्याचा. मॅडमनी तिला अडवलं न्हाई, पेन काढला, वही उघडली आन् वर तारीख टाकली. (सोळा मार्च आहे म्हणे, मीही वर टाकून घेतो.)

चार शेंडे झाले. पाच झाले. आत्यानं ओच्यात टाकले. आत्या, सहाव्याला हात घालायच्या आधी तू मान वळवून बरोबर माझ्याकडंच बघून राह्यलीस, म्हणून पेन इथंच ठेवतो.